ती जालन्याला निघाली होती

माझ्या भावाची बायको मुकुंदवाडी स्टेशनच्या बाकड्यावर बसलेली सापडली. दुपारपर्यंत सगळ्या गल्लीला ठाऊक झालं होतं की ती जीव द्यायला गेली होती. गल्लीला ते भावानं सांगितलं. भावाला मात्र ते कुणीच सांगितलं नव्हतं. त्यानं ते जागच्या जागी ठरवलं आणि मोठ्यानं बोलून दाखवलं. त्यानंतर जो कुणी भेटला, शेजारी, रिक्षावाला, दवाखान्यातला डॉक्टर, त्यानं तेच खरं मानलं. बाई, तू इथं कशाला आली होतीस, एवढं तिला विचारायचं कुणालाही सुचलं नाही.

ह्या गोष्टीचा राग माझ्या मनातून जात नाही. तो जावा असं मला वाटतही नाही.

आधी घरची माणसं सांगते. दादा माझ्याहून मोठा, चिकलठाण्याच्या एका कंपनीत सुपरवायझर. मुकुंदवाडीत त्यानं स्वतःचं घर बांधलं. आमचं गाव कन्नडजवळ. मका, ऊस, थोडी अद्रक. वडील गेल्यापासून आई तिथंच राहून शेती बघते. मी गणिताची शिक्षिका. लग्न केलं नाही, त्यामुळं संस्था पाठवेल त्या गावाला बिऱ्हाड हलवायचं, अशी माझी सवय. बरीच वर्षं लातूरकडं काढून मी परत आले आणि दादाच्याच शहरात, छावणी भागात, दोन खोल्या भाड्यानं घेतल्या.

दादा गोड माणूस आहे. हे मी टोमणा म्हणून लिहीत नाही. कुणाचं मयत असो, कुणाच्या मुलीचं लग्न असो, तो सगळ्यांच्या आधी हजर. दारूला शिवत नाही. आवाज चढवून बोलत नाही. आमच्याकडं नवरा चांगला की वाईट हे दारूवरून ठरतं. पीत नाही म्हणजे देवमाणूस, पुढची चौकशी बंद.

वहिनी जालन्याकडची. तिच्या वडिलांची मोसंबीची बाग आहे. लग्नात बघितलेली वहिनी मला चांगली आठवते. पंगतीत वाढताना ती इतक्या मोठ्यानं हसली होती की आमची एक आत्या म्हणाली, ही पोरगी घर डोक्यावर घेणार. मी परत आले तेव्हा तिचा आवाज पार बसलेला होता. कुजबुजल्यासारखी बोलायची. एप्रिलच्या उन्हात गळ्याभोवती ओढणी गुंडाळलेली. काय झालं विचारलं, तर म्हणाली, "थायरॉईडचं काय तरी आहे म्हणतात."

कोण म्हणतात, हे मी विचारलं नाही. डॉक्टरच म्हणत असतील असं कुणीही धरून चालेल.

त्याच महिन्यात एका सकाळी दादाचा फोन आला. "ये लवकर. वहिनीला परत अटॅक आलाय."

अटॅक म्हणजे काय, ते मला रिक्षात बसल्यावर कळलं. तिला मधूनच चक्कर येते, ती खाली पडते, भान जातं, कपडे ओले होतात. शुद्धीवर आली की थरथरते, कुणाकडं बघत नाही, एखाद वेळी किंचाळते. दादा हे सगळं हळू आवाजात, तिचा हात हातात धरून सांगत होता. ती रिक्षाच्या बाहेर बघत होती.

खाजगी दवाखाना. मनाच्या आजारांचे डॉक्टर, शहरात नाव असलेले. त्यांनी फोनवर लगेच घेऊन या म्हटलं होतं, म्हणून नंबर न लावता आत घेतलं. त्यांनी वहिनीकडं एकदा बघितलं आणि प्रश्न दादाला विचारला.

"किती दिवसांपासून होतंय?"

दादानं सांगितलं.

"झोप?"

"झोप अजिबात नाही, सर. दचकून उठते."

"चिडचिड? संशय?"

"संशय आहे, सर. माझ्यावरच." असं म्हणून दादा जरासा हसला, आणि डॉक्टरही हसले.

माझ्याच्यानं राहवलं नाही. मी म्हटलं, "डॉक्टर, त्यांनाच विचारा ना. त्या इथंच बसल्यात."

डॉक्टरांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. "बाई, पेशंटला स्वतःचं कळत असतं तर आमच्याकडं आणावं लागलं असतं का? मिस्टरांना बोलू द्या."

मिस्टर बोलले. घसा बसलाय तो रडून रडून, हेही मिस्टरांनीच सांगितलं. मी थायरॉईडचं ऐकलं होतं. इथं रडणं झालं. मला ते खटकलं, पण तोवर चिठ्ठी लिहून झाली होती. मेंदूचा आलेख आधीच काढून झाला होता आणि त्यात काही सापडलं नव्हतं. त्याचा अर्थ डॉक्टरांनी असा लावला की शरीरात काही नाही, म्हणजे सगळं मनात आहे. "काही बायकांना घरच्यांचं लक्ष वेधून घ्यायचं असतं. त्या मुद्दाम करतात असं नाही, पण करतात." हे तिच्यासमोर. जणू ती बाकावर ठेवलेली पिशवी होती.

बाहेर पैसे भरताना काउंटरवरची मुलगी वहिनीला म्हणाली, "ताई, नशीब काढलंत. एवढं करणारा नवरा कुठं असतो?"

वहिनीनं मान हलवली. होय अशी की नाही अशी, ते मला कळलं नाही.

त्या गोळ्यांनी ती जड झाली. पुढं दादानं तिला त्याच डॉक्टरांकडं आणखी तीनदा नेलं. गोळ्या दादा स्वतःच्या हातानं द्यायचा आणि तोंड उघडून दाखवायला लावायचा. मी गेले की ती चहा करायला उठायची आणि ओट्यापाशी तशीच उभी राहायची. शाळेला सुट्ट्या लागल्या तसं दादानं त्याच्या सात वर्षांच्या मुलीला, माझ्या भाचीला, आईकडं गावाला नेऊन सोडलं. "हिच्याच्यानं पोरगी सांभाळली जात नाही," म्हणाला. गल्लीतल्या बायकांनाही ते पटलं होतं. त्या वहिनीशी बोलताना आवाज बारीक करून, लहान मुलाशी बोलावं तसं बोलायच्या.

आणि मग मे महिन्यात स्टेशन.

दादाच्या ओळखीचा एक जण तिथून चालला होता. त्याला वहिनी बाकावर बसलेली दिसली, शेजारी कापडी पिशवी. त्यानं दादाला फोन केला. दादा दोन मित्रांना घेऊन मोटरसायकलवर पोचला आणि फाटकापासूनच ओरडला, "अगं, जीव द्यायला आलीस का!" लोक जमले. कुणी पाणी आणलं, कुणी तिला समजावलं की बाई, लेकरांचा विचार कर. त्या गर्दीत ती काहीतरी बोलत होती, पण तिचा आवाज तो केवढा. कुणाच्या कानापर्यंत जाणार?

आधीच्या डॉक्टरांना फोन केला तर ते म्हणाले, अशा केसेस आम्ही घेत नाही, दुसरीकडं न्या. मग तिला एका धर्मादाय दवाखान्याच्या अपघात विभागात नेलं. सोबत बाईमाणूस पाहिजे म्हणून दादानं मला बोलावलं. मी पोचले तेव्हा एक तरुण डॉक्टर खाटेजवळ उभा राहून लिहून घेत होता. दादा सांगत होता, तो लिहीत होता. रुळाकडं बघत बसली होती. आधीपासून वेडाचा इलाज चालू आहे. घरी ठेवणं धोक्याचं आहे, भरती करून घ्या. दादाच्या काखेत आधीच्या चिठ्ठ्यांची फाईल होती. ती त्यानं उघडून पुढं केली. डॉक्टरानं ती पानं उलटली आणि त्याचा चेहरा शांत झाला. त्याला आयतं उत्तर मिळालं होतं.

"घरी काही भांडण वगैरे?" त्यानं विचारलं, तेही दादालाच.

"नाही हो. आमच्यात शब्दाला शब्द नाही."

माझं डोकं तिथंच तापलं. मी बोलणार एवढ्यात मानसोपचार विभागाच्या डॉक्टरीणबाई आल्या. चाळिशीच्या, ठेंगण्या, पायात रबरी चपला. त्यांनी तरुण डॉक्टरानं लिहिलेलं वाचलं, वहिनीच्या जवळ जाऊन तिच्या डोळ्यांत बघितलं, आणि मागं न वळता म्हणाल्या, "सगळ्यांनी बाहेर थांबा. मी यांच्याशी एकटीनं बोलणार आहे."

दादा म्हणाला, "मॅडम, ती माझ्याशिवाय बोलत नाही."

"मग आम्ही दोघी गप्प बसू."

"पण मॅडम, तिला एकटं सोडणं—"

"एकट्या नाहीत त्या. मी आहे ना."

दादा माझ्याकडं वळला. "निदान हिला तरी राहू द्या. माझी बहीण आहे."

"त्याही बाहेर," बाई म्हणाल्या.

मला राग आला नाही, बरं वाटलं. कुणीतरी पहिल्यांदाच दार लावून घेत होतं.

आम्ही व्हरांड्यातल्या बाकावर बसलो. समोरच्या भिंतीला टेकून एक म्हातारा सलाईनची बाटली हातात उंच धरून उभा होता. दादानं चहा आणला, स्वतःचा तसाच हातात ठेवला. दोनदा उठून दारापर्यंत गेला. परिचारिकेनं दोन्ही वेळा परत पाठवला. मग माझ्याजवळ सरकून म्हणाला, "हे बघ, ती आता काय वाटेल ते सांगेल. आजारच तसा आहे. तू मनावर घेऊ नको."

"काय सांगेल?"

"काहीही."

"म्हणजे काय, दादा?"

तो दाराकडं बघायला लागला. मी त्याच्याकडं बघत राहिले. हा माणूस घाबरला होता, पण त्याची बायको मरता मरता वाचली असं तो म्हणत होता ना, मग ती जिवंत आत बसलीय ह्याचा ह्याला एवढा घोर कशाचा? खोटं कोण बोलतंय, ह्याचा अंदाज मला तेव्हाच आला. अजून कुणी मला एक शब्दही सांगितला नव्हता.

बऱ्याच वेळानं दार उघडलं आणि बाईंनी मला एकटीला आत घेतलं. "त्यांनी तुम्हाला बोलावलंय. मी सांगू का, असं विचारलं तर म्हणाल्या, मीच सांगते."

वहिनीनं ओढणी काढून मांडीवर ठेवली होती. ती खाली बघत म्हणाली, "ताई, मी जीव द्यायला नव्हते गेले. मी जालन्याला निघाले होते. अण्णांकडं."

"मग तसं सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं की. ते घराला भायेरून किल्ली लावायची इसरले म्हणून निघाले मी. गाडी लेट होती. टायमावर आली असती तर एव्हाना मी मोसंबीच्या बागेत असते."

पिशवीत दोन साड्या होत्या आणि भाचीचा एक फ्रॉक. आत्महत्येला निघालेली बाई पोरीचा फ्रॉक बरोबर घेऊन जाते का? त्या पिशवीत एकानंही डोकावून बघितलं नव्हतं.

मग बाई मला म्हणाल्या, "मी यांना विचारलं, घरी कुणी मारतं का. त्या नाही म्हणाल्या. खरं होतं ते. मग मी दुसऱ्या तऱ्हेनं विचारलं." त्या वहिनीकडं वळल्या. "सांगता?"

"मारत नाहीत ते," वहिनी म्हणाली. "कधी थप्पड सुदीक मारली नाय. नुस्तं गळ्याला धरतात. भिंतीला लावून. लई हळू बोलत असतात तवा. मग मला काय आठवत नाय. जाग येते तवा खाली असते, आन् ते तोंडावर पाणी मारत असतात. म्हणतात, बघ, परत अटॅक आला तुला."

मी तिच्या गळ्याकडं बघितलं.

गळ्यावर बाहेरून फारसं काही दिसत नव्हतं. हनुवटीखाली पिवळट पडलेला एक डाग, कानामागं ओरखडा. पण डोळ्यांच्या पांढऱ्या भागात बारीक लाल ठिपके होते. आत येताच बाईंनी ते बघितले होते, आणि बसलेला आवाज ऐकला होता. गळा दाबल्यावर मेंदूला रक्त पोचत नाही, माणूस बेशुद्ध पडतो, लघवीवर ताबा राहत नाही, त्यांनी मला सांगितलं. घास गिळायला त्रास होतो, आवाज बसतो, झोपेत दचकायला होतं. वहिनीला जे जे होत होतं ते सगळं त्यात आलं. नवरा ते लक्षण म्हणून सांगत होता आणि नामांकित डॉक्टर ते लक्षण म्हणून लिहून घेत होते. एक माणूस बायकोचा गळा आवळतो, तिला शुद्धीवर आणतो, मग तिलाच दवाखान्यात नेतो, आणि तिथं त्याला बसायला खुर्ची मिळते, तिला गुंगीच्या गोळ्या!

"फिट नाही ही," बाई म्हणाल्या. "आणि वेडही नाही. घाबरलेलं माणूस असंच दिसतं. गळ्याला हात घालणारा माणूस पुढं कुठवर जाईल याचा भरवसा नसतो, म्हणून मी आज यांना घरी सोडणार नाही. गळ्याच्या आतल्या तपासण्या करायच्यात. त्यानंतर जायला जागा आहे का?"

"माझ्या दोन खोल्या आहेत."

"तुमचा भाऊ आहे तो. तुमच्या दारात येऊन रडला तर?"

"दार उघडणार नाही."

बाईंनी मान हलवली. मग वहिनीला विचारलं, "तुम्हाला चालेल यांच्याकडं? का अण्णांना बोलावू?" आत आल्यापासून मी बघत होते, त्या प्रत्येक गोष्ट तिला विचारून करत होत्या. पाणी पाहिजे का, हेसुद्धा.

वहिनी म्हणाली, "दोन्ही."

बाहेर येऊन बाईंनी दादाला सांगितलं की पेशंटला ठेवून घेतोय, त्यांनी तुम्हाला भेटायचं नाही असं सांगितलंय, आणि कायद्यानं पोलिसांना कळवणं भाग आहे. दादा हसला. तेच गोड हसू. "मॅडम, तुमचा काहीतरी गैरसमज झालाय. ती आजारी आहे. फाईल बघा ना तुम्ही."

"बघितली," बाई म्हणाल्या. "तिच्यात सगळं तुमचंच बोलणं आहे. त्यांचं एक वाक्य नाही."

दादानं मला व्हरांड्याच्या कोपऱ्यात ओढलं. "तू माझी बहीण आहेस का तिची?"

मी म्हटलं, "हात सोड आधी."

त्यानं सोडला. इतक्या पटकन सोडला की मला कळलं, समोर माणसं असली की ह्याला हात सोडता येतो. म्हणजे राग अनावर होतो वगैरे काही नाही. कुठं धरायचं आणि कुठं सोडायचं, त्याला बरोबर कळतं.

जबाब घ्यायला हवालदार आले. चांगले वयस्क होते. वहिनीचं ऐकण्याआधीच म्हणाले, "ताई, नवरा-बायकोचं आहे. संध्याकाळी एका ताटात जेवतील. कशाला कागद काळे करता?" मी त्यांना म्हटलं, "रस्त्यात कुणी तुमचा गळा आवळला असता तर तुम्ही त्याच्या ताटात जेवला असता का?" त्यांनी कागद पुढं ओढला. वहिनीनं जबाब दिला. आवाज फुटत नव्हता तरी पुन्हा पुन्हा सांगितला, आणि बाई शेवटपर्यंत तिच्याजवळ बसून राहिल्या.

जालन्याहून तिचे वडील, अण्णा, आले. फेटा हातात घेऊन खाटेजवळ उभे राहिले आणि एवढंच म्हणाले, "बाय, तू फोनवर कधी बोलली नाहीस."

"फोन त्यांच्यापाशी असायचा, अण्णा," ती म्हणाली. "स्पीकरवर."

दवाखान्यातून सुटल्यावर ती माझ्याकडं आली. दादा खरंच दारात येऊन रडला. मी दार उघडलं नाही. खालच्या दुकानदाराला वाटलं असेल, काय कठोर बहीण आहे. वाटू दे.

पण भाची गावाला होती. वहिनी रोज तिचंच नाव घ्यायची. मी सकाळची एसटी धरून कन्नडला गेले, तिथून जीपनं गावात. आई अंगणात चिंचा फोडत बसली होती. भाची शेजारी चिंचोके वेचत होती. मला बघून "आत्या!" करून पळत आली. आई उठली नाही. दादाचा फोन माझ्या आधी पोचला होता.

मी भाचीला चुलतीकडं पाठवलं आणि आईला सगळं सांगितलं. जसंच्या तसं, काही न वगळता. आईनं चिंच फोडणं थांबवलं नाही.

"येडी हाय ती. दवाखान्याचे कागद हायेत त्याच्यापाशी."

"आई, त्यानं तिचा गळा दाबलाय."

"मारलं त नाय ना? तुझ्या बापानं मला चाबकानं मारलंय. मी गेले का कोर्टात?"

"जायला पाहिजे होतंस."

तिनं हातातली चिंच खाली ठेवली. मला वाटलं, आता ती रडेल किंवा मला शिव्या घालेल. ती म्हणाली, "काहून आली तू? पोरीला न्यायला? मपल्या लेकाची पोरगी हाय. येड्या बाईच्या हाती नाय देणार मी."

मी खूप बोलले. ओरडलेसुद्धा. शेजारच्या बायका कुंपणाशी आल्या. त्यांच्या तोंडीही तेच: येडी, फाईल, स्टेशन. दादानं तिला दवाखान्यात का नेलं असावं, त्याचा मला तिथं अंगणात उभ्या उभ्या उलगडा झाला. बरं करायला त्यानं तिला नेलंच नव्हतं. ती उद्या काही बोलली तर तिचं बोलणं कुणी खरं मानू नये, ह्याची सोय तो करून ठेवत होता. डॉक्टरांनी सही करून ती सोय पक्की करून दिली होती.

त्या दिवशी मी हात हलवत परत आले. भाची जीपमागं थोडी पळाली. ते मी वहिनीला सांगितलं नाही.

पुढचं कोर्टातून झालं. संरक्षण अधिकारी म्हणून एक बाई असतात, त्यांनी अर्ज करून दिला. दादाच्या वकिलानं अपेक्षेप्रमाणे फाईल काढली आणि पत्नी मनोरुग्ण आहे, असं म्हटलं. डॉक्टरीणबाई स्वतः येऊन उभ्या राहिल्या. तपासण्या दाखवल्या, आणि सांगितलं की या बाईला झालेला त्रास गळा दाबल्यामुळं झालेला आहे, भीती ही वेडाची खूण नाही, आणि मूल सांभाळायला त्या समर्थ आहेत. दादानं जवळ जायचं नाही असा हुकूम झाला. भाची शाळा सुरू व्हायच्या सुमारास वहिनीपाशी आली. फौजदारी खटला मात्र रखडत चाललाय. तारीख पडते, वकील आजारी असतो, पुन्हा तारीख. दादा जामिनावर आहे, कंपनीत जातो. लोक अजून त्याला नमस्कार करतात आणि मला बघून रस्ता बदलतात.

मधे एकदा मी त्या नामांकित डॉक्टरांकडं गेले. रीतसर नंबर लावून, पैसे भरून. आत गेल्यावर म्हटलं, मी पेशंट नाही, सांगायला आलेय. आणि सांगितलं.

त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "वाईट झालं. पण बाई, नातेवाइकांनी सांगितलंच नाही तर आम्हाला कळणार कसं?"

"नातेवाईक कोण होता, डॉक्टर?"

त्यांनी टेबलावरचं पेन उचललं.

"ती तुमच्या समोर बसली होती. तिचा आवाज बसला होता. गळा झाकलेला होता. तुम्ही तिला ओढणी काढायला सांगितली नाहीत. नवऱ्याला बाहेर पाठवलं नाहीत. ती चारदा तुमच्याकडं आली, आणि चारही वेळा तुम्ही तिला परत त्याच्याच हाती दिलंत."

"आमच्याकडं बाहेर किती गर्दी असते, तुम्ही बघितलीत ना?"

"बघितली," मी म्हटलं. "त्या गर्दीत आज किती जणी नवऱ्याबरोबर आल्यात, तेवढं एकदा बघा."

त्यांनी घंटी वाजवली. पुढचा पेशंट आत आला. एक पुरुष, मागं डोक्यावरून पदर घेतलेली बाई. पुरुष खुर्चीवर बसला, बाई उभी राहिली. मी दारातच थांबले. डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं, मग त्या बाईकडं. त्यांनी काय केलं ते मला माहीत नाही. नोकरानं दार लावून घेतलं.

वहिनी आता जालन्याला असते. बियाण्यांच्या एका दुकानात हिशेब बघते. भाची तिथल्याच शाळेत जाते. गोळ्या त्या डॉक्टरीणबाईंनी हळूहळू बंद केल्या. अटॅक त्या मे महिन्यानंतर एकदाही आला नाही. घसा पूर्ण सुधारला नाही. वरचा आवाज लागत नाही म्हणते. आई माझ्याशी बोलत नाही. दिवाळीला मी फोन केला तर तिनं उचलला आणि नुसता कानाला धरून ठेवला. मीही धरून ठेवला. मग तिनं ठेवून दिला.

मागच्या रविवारी मी जालन्याला गेले होते. दुपारची वेळ. वहिनी मेथी निवडत होती, आणि मी नेहमीसारखी सुरू झाले होते: वकील, तारखा, तो हवालदार, काउंटरवरची ती मुलगी, अंगणातल्या बायका. माझा आवाज चढला असणार, कारण भाचीनं दप्तरातून डोकं वर काढून माझ्याकडं बघितलं.

वहिनी ऐकत होती. मग म्हणाली, "ताई, तुमी चिडा. कुणीतरी चिडायला पाहिजेच. मला अजून नाय जमत. मला सध्या निस्ती झोप लागली तरी लई वाटतं."

तिनं मेथीची जुडी माझ्याकडं सरकवली. "ही निवडून टाका. मी जरा पडते."

ती आतल्या खोलीत गेली. दार उघडंच ठेवलं होतं. मी मेथी निवडत बसले, आणि थोड्या वेळानं आतून तिचा घोरण्याचा आवाज यायला लागला.